नफा ३९,००० रुपये, मग पैसे कुठे? बीबीएच्या पहिल्या सत्रातलं एक प्रकरण

नाशिकमधल्या एका महाविद्यालयात बीबीएच्या पहिल्या सत्राला मी आणि माझे एक ज्येष्ठ सहकारी मिळून बिझनेस अकाउंटिंग शिकवतो. २०२३-२४ च्या तुकडीबरोबर आम्ही जे केलं ते इथे सविस्तर मांडते. पहिल्या वर्षाला हिशेबाचा विषय शिकवणाऱ्या कुणालाही हा पेच ओळखीचा वाटेल. त्यावर सगळीकडे जो उपाय होतो तो दुखणं एकीकडे आणि मलम दुसरीकडे असा असतो, हे माझं ठाम मत आहे.

गणपतीच्या आधी एक छोटी चाचणी घेतली होती. तिचे दोन भाग होते. पहिल्यात व्यवहार देऊन रोजकीर्दीतल्या, म्हणजे रोजचे व्यवहार क्रमाने लिहायच्या वहीतल्या, नोंदी करायच्या होत्या. दुसऱ्यात एकच प्रश्न होता: दुकानाला वर्षभरात नफा झाला, पण गल्ल्यात आणि बँकेत पैसे वर्षाच्या सुरुवातीपेक्षा कमी आहेत, असं होऊ शकतं का? होत असेल तर कसं?

बारावी कॉमर्स करून आलेल्या मुलांचा पहिला भाग देखणा होता. नावे (डेबिट) वर, जमा (क्रेडिट) खाली थोडं आत सरकवून, आणि प्रत्येक नोंदीखाली कंसात ‘बीइंग गुड्स सोल्ड ऑन क्रेडिट’ असं स्पष्टीकरण. दुसऱ्या भागात मात्र त्यांच्यातल्या बहुतेकांचा कागद कोरा होता. काहींनी ‘नाही, नफा म्हणजे आलेले पैसे’ असं लिहिलं होतं, तर एकाने ‘असं झालं तर हिशेबात चूक असेल’ असं. सायन्सहून आलेल्यांचं नेमकं उलट झालं होतं. नोंदी जमल्या नव्हत्या, पण दुसऱ्या प्रश्नाला काहींनी हात घातला होता. निफाड तालुक्यातल्या एका मुलीने दोनच ओळी लिहिल्या होत्या: माल उधारीवर गेला असेल तर होऊ शकतं, आणि पैसे चाळ (कांदा साठवायची शेड) बांधण्यात गेले असतील तरी होऊ शकतं.

त्या दोन ओळींमुळे आमच्या विभागात वाद सुरू झाला.

वर्गात कोण बसतं

बीबीएला कुठल्याही शाखेतून बारावी झालेला विद्यार्थी येऊ शकतो. त्यामुळे एकाच बाकावर दोन वर्षं पुस्तपालन व लेखाकर्म शिकलेला मुलगा आणि त्या विषयाचं पान कधी न उघडलेली मुलगी शेजारी शेजारी असतात. कॉमर्सच्या मुलाने बारावीत भागीदारीची अंतिम खाती (वर्षअखेरचं नफा-तोटा खातं आणि ताळेबंद), भागीदाराचा प्रवेश आणि निवृत्ती इथपर्यंत मजल मारलेली असते. त्याला पुन्हा ‘खात्यांचे प्रकार तीन’ ऐकायला लावलं की तो खिडकीबाहेर बघतो. शेजारच्या मुलीला तेच डोक्यावरून जातं.

आता घरं बघा. सातपूर-अंबडच्या एमआयडीसीत वडिलांचं छोटं वर्कशॉप असलेली मुलं आहेत, भांडी बाजार आणि मेनरोडच्या दुकानदारांची आहेत. सिन्नर, दिंडोरी, पिंपळगाव बसवंतहून एसटीने येणारी आहेत. शेतकरी घरांतल्या मुलांनी व्यवहार जवळून पाहिलेला असतो. लिलावाला ट्रॅक्टर लावणं, बोली, खळ्यावर माल रिकामा करणं, काटा, हिशेबपट्टी हे सगळं त्यांना तोंडपाठ असतं. पण ताळेबंद त्यांच्या घरात कधी तयार झालेला नसतो, आणि त्याला साधं कारण आहे. शेतीचं उत्पन्न प्राप्तिकरातून मुक्त. कर नाही म्हणून विवरणपत्र नाही, विवरणपत्र नाही म्हणून सीए नाही, आणि सीए नाही म्हणून ‘आपल्याकडे आज एकूण काय आहे आणि कुणाचं किती देणं आहे’ असा कागद कधी मांडला जात नाही. हिशेब असतो तो डोक्यात, नाहीतर कॅलेंडरच्या मागच्या बाजूला.

या मिश्र वर्गावरचा नेहमीचा उपाय म्हणजे ब्रिज कोर्स. सकाळी लवकर किंवा शनिवारी जादा तास घ्यायचे, बिगर-कॉमर्स मुलांना अकरावीचं पुस्तपालन भराभर शिकवायचं आणि मग सगळ्यांना एकत्र पुढे न्यायचं. आमच्या बैठकीतही हाच प्रस्ताव पहिला आला. दुसरा प्रस्ताव तुकडीचे दोन गट पाडण्याचा होता. वेळापत्रक आणि खोल्या बघितल्यावर तो आपोआप बारगळला.

ब्रिज कोर्सला माझा विरोध होता आणि त्याला आधार चाचणीचा होता. ब्रिज कोर्स सायन्सच्या मुलीला कॉमर्सच्या मुलाच्या जागी नेऊन बसवतो. पण कॉमर्सच्या मुलाची जागा तरी कुठे पक्की होती? त्याला नोंद करता येत होती, ती कशाची आहे हे सांगता येत नव्हतं. दोन्ही मुलांची उणीव एकच होती. एकाची सुबक अक्षरामागे दडली होती, दुसरीची उघड्यावर होती.

अनुक्रमाचा प्रश्न

विद्यापीठाच्या २०१९ च्या आकृतिबंधात काय किंवा त्याआधी काय, आपल्याकडे हा विषय एकाच क्रमाने शिकवला जातो. आधी संकल्पना आणि संकेत, मग तीन प्रकारची खाती आणि त्यांचे तीन नियम, मग रोजकीर्द, खतावणी (त्याच नोंदी खात्यांप्रमाणे वेगळ्या करणं), तेरीज (सगळ्या खात्यांच्या शिलका जुळतात का ते बघायचा तक्ता), आणि शेवटी एकल व्यापाऱ्याची अंतिम खाती. ताळेबंद मुलांच्या हाती पडेपर्यंत सत्र संपत आलेलं असतं.

हा क्रम कारकुनाच्या कामाचा आहे. पेढीवर आधी व्यवहार होतो, मग नोंद, मग खतावणी, वर्षअखेरीला ताळेबंद. काम त्या क्रमाने होतं म्हणून शिकणंही त्याच क्रमाने व्हावं असं नाही. चित्र कसलं आहे हे ठाऊक नसताना तुकडे जोडायला बसवल्यावर माणूस कडा जुळवत राहतो.

गंमत अशी की दुहेरी नोंद पद्धतीवर, म्हणजे प्रत्येक व्यवहार नावे आणि जमा अशा दोन्ही बाजूंनी लिहिण्याच्या पद्धतीवर, पहिला छापील विवेचक मजकूर ज्यांनी लिहिला त्यांनी सुरुवात नोंदीपासून केलेली नाही. लुका पाचोली हे इटलीतले फ्रान्सिस्कन साधू आणि गणिती. १४९४ साली व्हेनिसमध्ये छापलेल्या त्यांच्या गणिताच्या ग्रंथातला एक भाग व्यापाऱ्याच्या हिशेबाचा आहे. त्यात व्यापाऱ्याने सगळ्यात आधी काय करायचं? यादी. रोकड, दागिने, माल, घर, येणी, देणी, जे काही आहे ते एका दिवशी बसून लिहून काढायचं. कच्ची वही, रोजकीर्द आणि खतावणी त्यानंतर येतात. आपल्याकडेही दिवाळीच्या पाडव्याला नवी वही घालताना जुन्या वहीतल्या शिलका आधी उतरवून घेतात. म्हणजे ‘आज काय आहे’ हा प्रश्न पहिला, ‘आज काय घडलं’ हा नंतरचा.

बैठकीत मी तिसरा प्रस्ताव ठेवला. अभ्यासक्रमाला हात लावायचा नाही, तास वाढवायचे नाहीत, फक्त सुरुवातीच्या काही आठवड्यांचा क्रम उलटा करायचा. आधी यादी म्हणजे ताळेबंद, मग एकेक व्यवहाराने तो कसा बदलतो ते, मग नफा, आणि नावे-जमेचे नियम त्यानंतर. सगळ्या टप्प्यांत उदाहरण एकच.

माझ्या सहकारी सरांनी तीन आक्षेप घेतले आणि तिन्ही वजनदार होते. विद्यापीठाच्या प्रश्नपत्रिकेत नोंदी आणि अंतिम खाती येतात, ‘नफा कुठे गेला’ असा प्रश्न येत नाही. खतावणी हा हाताला वळण लावण्याचा भाग आहे, सराव कमी पडला की परीक्षेत वेळ पुरत नाही. आणि सीए फाउंडेशनला बसणारी मुलं ‘मॅडम, हे काय चाललंय’ म्हणतील. “मॅडम, कल्पना चांगली आहे, पण मार्क मुलांचे जातील, तुमचे-माझे नाही,” हे त्यांचं वाक्य मी वहीत लिहून ठेवलं आहे. शेवटी असं ठरलं की क्रम बदलायचा, पण दिवाळीच्या सुट्टीआधी मुलं नेहमीच्या वेळापत्रकाला येऊन मिळाली पाहिजेत.

चाळ

उदाहरण कांद्याचं घेतलं. त्या ऑगस्टमध्ये केंद्राने कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लावलं होतं, जिल्ह्यातल्या बाजार समित्यांमध्ये लिलाव बंद पडले होते आणि वर्गात त्याचीच चर्चा होती. आकडे शिकवायला सोपे पडतील असे मी ठरवले.

एक जण १ एप्रिलला स्वतःचे ३,००,००० रुपये घेऊन सुरुवात करतो. १,२०,००० ची चाळ बांधतो, ती १० वर्षं टिकेल असं धरतो. १,००० रुपये क्विंटलने १५० क्विंटल उन्हाळ कांदा रोखीने घेतो. हमाली आणि भाडं ७,५०० रुपये. सप्टेंबरअखेर घट आणि सड मिळून ३० क्विंटल गेले. ८० क्विंटल २,००० च्या भावाने विकले, त्यातले १,००,००० रोख मिळाले, ६०,००० एका व्यापाऱ्याकडे यायचे आहेत. निवडणीची मजुरी १०,००० दिली. बहिणीच्या फीसाठी ४०,००० उचलले. ४० क्विंटल अजून चाळीत आहेत.

फळ्यावर फक्त दोन रकाने काढले: ‘काय आहे’ आणि ‘कुणाचं आहे’. प्रत्येक व्यवहारानंतर दोन्ही रकान्यांची बेरीज मारायची. नावे-जमा हे शब्द वापरायचे नाहीत, अशी अट घातली. कॉमर्सच्या मुलांना ती फार जड गेली. एकाची सारखी तक्रार होती, “पण मॅडम, डेबिट काय करायचं ते सांगा ना.” मी म्हटलं, “आधी मला सांग, चाळ बांधली तेव्हा तो गरीब झाला का?” तो गप्प. मागून कुणीतरी म्हणालं, “नाही, पैसे चाळीत गेले.” एक आकडा एका ओळीतून दुसऱ्या ओळीत गेला, बेरीज तीच राहिली. हमालीचे ७,५०० कुठे लिहायचे यावर बराच वेळ गेला. ते खर्चून हाती काही उरलं का? शेवटी वर्गच म्हणाला की त्या पैशांशिवाय कांदा चाळीत आलाच नसता, मग ते कांद्याच्याच किमतीत धरले पाहिजेत. तेव्हा १५० क्विंटलची किंमत १,५७,५०० झाली.

मग ते ३० क्विंटल आले. अख्ख्या सत्रातला सगळ्यात मोलाचा तास तो होता.

निफाडची मुलगी फळ्यापाशी होती. कॉमर्सच्या एका हुशार मुलाने बसल्या जागेवरून सांगितलं, “तोटा. नफा-तोटा खात्याच्या नावे बाजूला. तीस गुणिले एक हजार पन्नास, ३१,५०० रुपये.”

ती खडू हातात धरून थांबली. “तोटा कसा? चाळ भरतानाच पप्पा धरून चालतात, एवढा जाणारच. उन्हाळा कडक असला तर याहून जास्त जातो.”

“गेला म्हणजे तोटाच ना.”

“मग आम्ही दरवर्षी तोट्यात धंदा करतो का? दीडशे घेतले तेव्हाच माहीत होतं की विकायला एकशेवीसच मिळणार. म्हणजे तेवढ्या पैशांत एकशेवीसच घेतले.”

तिने १,५७,५०० ला १२० ने भागून १,३१२.५० लिहिलं. सामान्य नासाडीचा खर्च उरलेल्या चांगल्या मालावर बसतो आणि असामान्य नासाडी वेगळी तोट्यात दाखवतात, हा नियम पुढच्या वर्षांत कॉस्ट अकाउंटिंगला येतो. तो तिने चाळीच्या तोंडाशी पाहिलेल्या व्यवहारातून काढला होता. मी एवढंच विचारलं की पाऊस आत शिरून आणखी २० क्विंटल सडले असते तर? यावर तो कॉमर्सचा मुलगा म्हणाला, “मग ते कुणी धरलं नव्हतं. ते माझ्या नफा-तोटा खात्यात.” दोघांनी मिळून नियमाच्या दोन्ही बाजू पुऱ्या केल्या.

पुढचं गणित वर्गानेच केलं. विकलेल्या ८० क्विंटलची किंमत १,०५,०००. विक्री १,६०,०००. फरक ५५,०००. त्यातून मजुरी १०,००० आणि चाळीचा अर्ध्या वर्षाचा घसारा, म्हणजे झिजेपोटी धरलेली रक्कम, ६,००० गेला, उरले ३९,०००. फी मात्र यातून वजा होत नाही, कारण ती धंद्याने खर्च केलेली नाही, मालकाने स्वतःचं उचललं आहे. यावर शंका आलीच. घर आणि धंदा एकाच खिशातून चालणाऱ्या घरांतली ही मुलं. व्यवसाय आणि मालक वेगळे, हा संकेत त्यांनी पाठ केला असता तर काही अडचण आली नसती. खरा मानायला मात्र त्यांना वेळ लागला.

३० सप्टेंबरची यादी अशी झाली: रोख ७२,५००, व्यापाऱ्याकडून येणं ६०,०००, चाळीतला कांदा ५२,५००, चाळ १,१४,०००. एकूण २,९९,०००. दुसऱ्या रकान्यात भांडवल ३,००,०००, अधिक नफा ३९,०००, वजा उचल ४०,०००. तेही २,९९,०००.

तीन लाखांवरून रोकड बहात्तर हजारांवर आली, तरी माणूस नफ्यात. मग पैसे कुठे गेले? यादीच्या चार ओळींत उत्तर समोर होतं. त्या तासाला ज्यांनी बोट वर केलं त्यांच्यात चाचणीत कोरा कागद दिलेली मुलं होती.

इथून नावे-जमेकडे वळणं सोपं गेलं. ‘काय आहे’ रकान्यात वाढ झाली की नावे, ‘कुणाचं आहे’ रकान्यात वाढ झाली की जमा. तीन सुवर्णनियम त्यानंतर सांगितले, कारण परीक्षेत त्यांचीच भाषा लागते. एका मुलाला मोबाइलच्या मेसेजने छळलं होतं: खात्यात पैसे आले की बँक ‘क्रेडिटेड’ म्हणते, मग माझ्या वहीत बँक खातं डेबिट का? दोन रकान्यांवर त्याचा उलगडा लगेच झाला. तो मेसेज बँकेच्या वहीतून आलेला असतो, आणि बँकेच्या वहीत त्याचे पैसे ‘कुणाचं आहे’ या बाजूला बसतात.

अंबडहून आलेली शंका

वडील सुटे भाग बनवून मोठ्या कारखान्याला पुरवतात असा एक मुलगा वर्गात होता. कांद्याचं उदाहरण त्याला सुरुवातीला परकं वाटलं. ६०,००० च्या येण्यापाशी मात्र तो बोलू लागला. घरी दर महिन्याला ताण असतो, म्हणाला. बिल ऑगस्टमध्ये केलं की त्यावरचा जीएसटी मासिक विवरणपत्राबरोबर २० सप्टेंबरपर्यंत भरायचा, आणि कारखान्याकडून पैसे दिवाळीनंतर. सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायचे असं २००६ च्या एमएसएमई कायद्यात आहे. पण गिऱ्हाईक एकच असलं की त्याच्यामागे कायदा घेऊन कोण लागतं?

त्याने वडिलांच्या एका महिन्याचे आकडे नावं काढून आणले आणि वर्गाने तीच दोन रकान्यांची यादी मांडली. गोळा केलेला जीएसटी उत्पन्नात धरायचा नाही, ते सरकारचं देणं आहे, हे या निमित्ताने पक्कं झालं. पहिल्या सत्रात जीएसटीच्या नोंदी शिकवण्याची ही जागा नव्हे, त्यामुळे मी तिथेच थांबले.

आठ डिसेंबर

सत्र संपत आलं होतं, अंतिम खात्यांतल्या समायोजना, म्हणजे वर्षअखेरीला आकड्यांत करायचे फेरफार, चालू होत्या आणि अखेरच्या साठ्याचं मूल्यमापन करायचं होतं. नियम एका ओळीचा आहे: खर्च किंवा निव्वळ वसुली मूल्य (विक्रीचा खर्च वजा जाता माल विकून हाती येईल ती रक्कम) यांपैकी जे कमी ते. अकाउंटिंग स्टँडर्ड २ मध्ये तो आहे आणि मुलं तो न अडखळता म्हणतात. त्याच आठवड्यात, ८ डिसेंबर २०२३ पासून, केंद्राने ३१ मार्च २०२४ पर्यंत कांद्याची निर्यात बंद केली. भाव कोसळले, लिलाव थांबले, चांदवडला शेतकरी महामार्गावर उतरले.

एकाने विचारलं, आपल्या चाळीतले ते ४० क्विंटल आज असते तर? निफाडच्या मुलीने लगेच सांगितलं की उन्हाळ कांदा डिसेंबरपर्यंत धड राहत नाही, कोंब फुटतात, आता बाजारात लाल कांदा आहे आणि तो तर साठवताच येत नाही. म्हणून आम्ही व्यापाऱ्याची बाजू घेतली. समजा त्याने ७ तारखेला निर्यातीसाठी १०० क्विंटल घेतले, सगळा खर्च धरून ३,५०० ने पडले. दुसऱ्या दिवशी तोच माल २,३०० ला जातो आणि विकायला क्विंटलमागे १०० खर्च येतो. त्या दिवशी ताळेबंद काढायचा तर साठा किती दाखवायचा? २,२०० ने. म्हणजे एक किलोही न विकता १,३०,००० चा तोटा पुस्तकात आला.

मग रास्त प्रश्न आला: भाव ५,००० झाला असता तर १,४०,००० चा नफा दाखवला असता का? नाही. का नाही? विवेकाचा संकेत (होऊ शकणारा तोटा आधी धरायचा, न झालेला नफा धरायचा नाही), असं पुस्तक सांगतं. वर्गाने सांगितलं की वाढलेला भाव विकेपर्यंत आपला नाही, उद्या दिल्लीहून काय आदेश निघेल सांगता येत नाही. हे उत्तर मला पुस्तकापेक्षा जास्त आवडलं, कारण ते भोगलेल्यांनी दिलं होतं.

त्याच दिवसांत अर्थशास्त्राच्या मॅडम सूक्ष्म अर्थशास्त्रात कांद्याचीच लवचिकता, म्हणजे भाव बदलला की मागणी किती बदलते ते, शिकवत होत्या. रोजच्या जेवणातली वस्तू, तिला पर्याय नाही, त्यामुळे मागणी अलवचिक. पुरवठ्यात थोडा फरक पडला की भाव उसळतो किंवा आपटतो. तिथून मुलं माझ्याकडे भांडण घेऊन आली. आमच्या चाळवाल्याला त्यांनी अर्थशास्त्राच्या तासाला नेलं होतं. ३,००,००० रुपये सहा महिने मुदत ठेवीत ७ टक्क्यांनी ठेवले असते तर १०,५०० मिळाले असते. त्याचं राबणं दुसरीकडे ३०,००० ला गेलं असतं असं धरलं, तर ३९,००० तून हे दोन्ही वजा करून उरतो १,५०० चा तोटा. “मॅडम, खरं काय? नफा की तोटा?”

पहिल्या सत्राला इतका चांगला प्रश्न क्वचित येतो, आणि तो आला तरी दोन विषयांच्या भिंतीला आपटून खाली पडतो. आम्ही दोघी एकाच तासाला वर्गात गेलो. झालेल्या व्यवहारांचा, दुसऱ्याला दाखवता येईल असा हिशेब द्यायचा तर ३९,०००. पुढच्या एप्रिलला पुन्हा चाळ भरायची की नाही हे ठरवायचं तर वजा १,५००. बँक कर्ज देताना पहिला आकडा मागेल, घरात आई दुसऱ्याबद्दल विचारेल. व्यापाऱ्याच्या ३,५०० चंही तसंच: पुस्तकाला ते लागतात, पण ८ तारखेला माल विकायचा की थांबायचं हे ठरवताना त्यांचा उपयोग नाही, ते गेलेले पैसे आहेत. अकाउंटिंगमधली किंमत आणि अर्थशास्त्रातली किंमत वेगवेगळ्या तासांना, वेगवेगळ्या शिक्षकांकडून, एकमेकींचं नावही न घेता शिकवणं हा आपल्या पहिल्या वर्षाच्या रचनेतला मोठा दोष आहे. व्यवस्थापनाची तत्त्वं शिकवणारे सरही यात आले असते तर बरं झालं असतं, पण त्यांचे तास जुळले नाहीत.

काय झालं, काय राहिलं

सत्राअखेरीच्या अंतर्गत परीक्षेत नफा आणि रोकड यांचा प्रश्न वेगळ्या धंद्याचे आकडे देऊन पुन्हा विचारला. या वेळी कोरे कागद जवळजवळ नव्हते. उत्तरं सगळी बरोबर होती असं नाही, पण मुलं येणी, साठा, मालमत्ता, उचल यांत शोधत होती. बिगर-कॉमर्स मुलांची रोजकीर्द मला वाटलं होतं त्यापेक्षा लवकर सुधारली. अंतिम खात्यांत ‘अखेरचा साठा दोन ठिकाणी (नफा काढतानाही आणि ताळेबंदातही) का’ हा दरवर्षीचा प्रश्न त्या वर्षी कुणी विचारला नाही.

सरांचा एक आक्षेप पुरता खरा ठरला. खतावणीचा सराव कमी पडला. शिलका खाली ओढताना, पुढे आणताना मुलं अडखळत होती, तेरीज जुळायला वेळ लागत होता. दिवाळीनंतर सरांनी स्वतः सकाळचे तास घेऊन तो सराव करून घेतला आणि त्यात कॉमर्सची मुलंही बसली. सीए फाउंडेशनवाल्यांची कुरकुर शेवटपर्यंत राहिली. त्यातल्या एकीने स्पष्ट सांगितलं की तिला हे सगळं आवडलं, पण तिच्या परीक्षेत वेगाला मार्क आहेत. तिचं म्हणणं खोटं नाही.

पुढच्याच वर्षापासून परिस्थिती बदलली. २०२४-२५ पासून बीबीए एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या) कक्षेत आलं, प्रवेशाला राज्याची सीईटी लागली, आणि नव्या शैक्षणिक धोरणानुसार अभ्यासक्रमाची रचनाही बदलली. दुसऱ्या शाखांच्या मुलांना वाणिज्यातले विषय निवडायची वाट त्याने मोकळी झाली आहे, म्हणजे मिश्र वर्ग आता फक्त बीबीएचा प्रश्न उरलेला नाही.

आमच्या विभागात सध्या दोन गोष्टींवर एकमत झालेलं आहे. पहिले आठवडे यादीपासून सुरू करायचे, आणि अंतर्गत परीक्षेत अंतिम खात्यांच्या खाली मालकाला उद्देशून पाच ओळी लिहायला सांगायच्या: धंदा कसा चालला आहे, पैसे कशात अडकले आहेत. या ओळी मराठीत लिहिल्या तरी चालतील असंही ठरलं आहे. एकमत नाही ते कॉमर्सच्या मुलांबद्दल. सरांचं म्हणणं, पहिल्या आठवड्यांत त्यांना वेगळं बसवून खतावणीचा सराव द्यावा. माझं म्हणणं, ती वर्गातच हवीत, कारण ते ३० क्विंटल कुठे लिहायचे हा वाद एकट्या निफाडच्या मुलीने घातला नसता, समोर ३१,५०० म्हणणारा कुणीतरी लागतो. यंदा खतावणीच्या सरावाचे कागद घरी सोडवायला द्यायचे आणि वर्ग एकत्र ठेवायचा असं तूर्त ठरलं आहे. तपासणीचं काम सरांनी घेतलं आहे.